कंटेनर, वाघाचं कातडं आणि कोर्ट: कणत्वरकांबद्दल नागपुरात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रातून माल पाठवणारे निर्यातदार, सीएचएच्या (सीमाशुल्काची कामं करून देणाऱ्या एजंटच्या) ऑफिसात कागदपत्रं सांभाळणारी मुलं, न्यायसहायक विज्ञान शिकणारे विद्यार्थी आणि हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात वकिली करणारी मंडळी एकाच यंत्राबद्दल विचारतात, कणत्वरकाबद्दल, म्हणजे इलेक्ट्रॉन-प्रोटॉनसारख्या सूक्ष्म कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्राबद्दल, पण प्रत्येकाचा प्रश्न वेगळा असतो. ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. आधी सुरक्षा तपासणी आहे, मग गुन्ह्यांचा तपास.

कणत्वरक म्हणजे जिनिव्हाजवळचं ते २७ किलोमीटरचं यंत्र ना? त्याचा नागपूरशी काय संबंध?

ते एक टोक झालं. जगात तीस हजारांहून जास्त कणत्वरक चालू आहेत आणि त्यांतले बहुतेक कारखान्यांत आणि दवाखान्यांत आहेत. नागपुरात कर्करोगावर रेडिएशन देणाऱ्या रुग्णालयांत जो ‘लिनॅक’ असतो, तो कणत्वरकच. कंटेनर तपासणारं यंत्र त्याचंच भावंड.

काम असं चालतं. तापलेल्या तारेतून इलेक्ट्रॉन सुटतात. मॅग्नेट्रॉन किंवा क्लिस्ट्रॉन नावाची नळी जोरदार मायक्रोवेव्ह तयार करते आणि त्या तांब्याच्या पोकळ्यांच्या रांगेत सोडल्या जातात. त्या लाटांवर इलेक्ट्रॉन पुढे ढकलले जातात आणि जेमतेम एखाद मीटरच्या अंतरात त्यांची ऊर्जा ६ मेगाइलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत जाते. पुढे हे एकक ‘एमईव्ही’ असं लिहिलं आहे. तेव्हा त्यांचा वेग प्रकाशाच्या ९९.७ टक्के असतो. मग ते टंगस्टनच्या तुकड्यावर आदळून थबकतात आणि त्या धडकेतून क्ष-किरण बाहेर पडतात. दवाखान्यात ते गाठीवर रोखले जातात, बंदरावर कंटेनरवर.

सोनेगावच्या विमानतळावर बॅग ज्यातून जाते, तेही हेच यंत्र का?

नाही. तिथे साधी क्ष-किरण नळी असते, साधारण १६० किलोव्होल्टची. पडद्यावर सेंद्रिय वस्तू नारिंगी, धातू निळे आणि मधल्या वस्तू हिरव्या दिसतात. आपण स्वतः ज्या चौकटीतून चालत जातो तिच्यात क्ष-किरण नसतातच, ती चुंबकीय क्षेत्रावर चालणारी धातुशोधक चौकट आहे. गरोदर बायका तिथे उगाच घाबरतात.

मग कंटेनरला एवढं मोठं यंत्र कशाला?

कंटेनरचा पत्रा दोनेक मिलिमीटरचा, तो अडवत नाही. अडवतो आतला माल. १६० किलोव्होल्टचे किरण तीन-चार सेंटिमीटर पोलादापुढे हात टेकतात. ६ एमईव्हीचे साधारण ३० सेंटिमीटर पोलाद भेदतात आणि ९ एमईव्हीचे ४० सेंटिमीटरच्या आसपास पोचतात. यंत्रांचे सुटे भाग, टाइल्स, मोटारी, तांब्याच्या तारेची रिळं असा माल असेल तर यापेक्षा कमी ताकदीत आरपार काही दिसत नाही.

किरणांचा झोत पंख्यासारखा पसरट पण अगदी चपटा ठेवतात. समोर उभ्या रांगेत संवेदक असतात, त्यांत बहुधा कॅडमियम टंगस्टेटचे स्फटिक वापरतात. कंटेनर पुढे सरकतो, नाहीतर यंत्र कंटेनरवरून सरकतं. सेकंदाला शेकडो झोत सुटतात, प्रत्येक झोतात एक उभी चकती टिपली जाते आणि त्या चकत्या जोडून अख्ख्या कंटेनरचं चित्र तयार होतं. झोत स्वतः काही मायक्रोसेकंदांचाच असतो, म्हणून चालत्या वाहनाचं चित्रही पुसट येत नाही.

हाताने तपासणी कशी होते ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांना याचं महत्त्व सांगायला नको. सील तोडायचं, हमाल लावायचे, दारातले खोके उतरवायचे आणि मागचं तसंच राहू द्यायचं. कळमन्याच्या बाजारात पोत्याला परखी मारून धान्य पाहतात, तसंच ते: परखी जिथे जाते तेवढंच कळतं. लबाडी करणारा माल कधीच दारात ठेवत नाही.

आमचा माल नागपूरहून जातो किंवा येतो. प्रत्येक कंटेनर स्कॅन होतो का?

नाही. सीमाशुल्क विभागाची जोखीम-व्यवस्थापन प्रणाली, म्हणजे आपले सीएचए ज्याला ‘आरएमएस’ म्हणतात ती, बिल ऑफ एंट्री या आयातीच्या कागदातली माहिती पाहून ठरवते की कोणता कंटेनर सरळ सोडायचा, कोणता स्कॅनिंगला लावायचा आणि कोणता उघडायचा. माल कोणत्या देशातून आला, आयातदार जुना की नवा, वस्तू कोणती, जाहीर केलेली किंमत पटण्यासारखी आहे का, असल्या गोष्टींवर ते ठरतं. नागपूरचा बराचसा माल रेल्वेने मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदराला जातो-येतो आणि मोठे स्कॅनर अशा बंदरांवरच असतात.

सगळेच कंटेनर तपासायचे, असा हट्ट अमेरिकेने धरून पाहिला. २००७ साली तिथे कायदा झाला की परदेशातून येणारा प्रत्येक कंटेनर जहाजावर चढण्याआधी स्कॅन झाला पाहिजे आणि त्यासाठी २०१२ ची मुदत दिली. ते आजवर झालेलं नाही. यंत्रं विकत आणणं त्यातल्या त्यात सोपं, प्रत्येक चित्र डोळ्यांखालून घालणारी माणसं आणायची कुठून? चित्र एका मिनिटात तयार होतं, ते वाचायला त्याहून जास्त वेळ लागतो.

इथे निर्यातदारांना एक सांगणं. स्कॅनिंगमध्ये अडकणारे बरेच कंटेनर चोरट्या मालामुळे अडकत नाहीत, कागद आणि चित्र जुळत नाही म्हणून अडकतात. पॅकिंग लिस्टमध्ये ‘मशिनरी पार्ट्स’ एवढंच लिहून मोकळं होऊ नका. कोणते खोके कुठे रचले आहेत ते नीट लिहिलं आणि एकाच जातीचा माल एकत्र रचला, तर चित्र वाचणाऱ्याच्या मनात शंका येत नाही आणि तुमचा डेमरेजही, म्हणजे माल अडकून पडल्याचा दंडही वाचतो.

चित्रात नेमकं काय दिसतं? सोनं, अमली पदार्थ, काडतुसं?

मुळात दिसते ती घनता आणि आकार. बंदुकीची नळी, मोटारीचं इंजिन, पोकळीत लपवलेला खोका हे सरावलेल्या डोळ्याला लगेच कळतं. पदार्थ कोणता, हे ओळखायला दुहेरी ऊर्जा वापरतात. एक झोत ६ एमईव्हीचा, पुढचा ९ एमईव्हीचा, असं आलटून-पालटून. इतक्या ऊर्जेला क्ष-किरणांतून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (त्याचा धनभारित जोडीदार) यांच्या जोड्या तयार होऊ लागतात आणि ती प्रक्रिया जड मूलद्रव्यांत फार जोरात चालते. म्हणून दोन ऊर्जांची चित्रं ताडून पाहिली की माल ढोबळ गटांत विभागता येतो: सेंद्रिय, अॅल्युमिनियमसारखे हलके धातू, लोखंडाच्या आसपासचे, आणि शिसं-युरेनियमसारखे जड.

‘ढोबळ’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. एकमेकांमागे चार प्रकारचा माल असेल तर रंग सरमिसळ होतात. सोन्याची घनता पाण्याच्या १९ पट, लोखंडाची आठपट, त्यामुळे कापडाच्या गठ्ठ्यातलं सोनं उठून दिसेल. पण तांदळाच्या पोत्यांत भुकटीचं एखादं पोतं घुसडलं असेल तर दोन्ही सेंद्रियच, फरक फार बारीक. तिथे कुत्रा यंत्राला हरवतो.

भंगाराचं प्रकरण सगळ्यांत अवघड. वेडेवाकडे तुकडे, सगळं लोखंडच, आणि त्यात गोल नळकांडं शोधायचं. पण नेमकं तिथेच शोधणं गरजेचं आहे: २००४ मध्ये गाझियाबादजवळच्या एका पोलाद कारखान्यात आयात केलेल्या भंगारातून आलेल्या तोफगोळ्यांचा स्फोट होऊन कामगार मेले होते.

किरणोत्सारी भंगारही यातच सापडतं का?

त्याला वेगळी व्यवस्था असते. दाराशी उभे केलेले खांब फक्त ‘ऐकतात’, स्वतः काही सोडत नाहीत. मालातून गॅमा किरण किंवा न्यूट्रॉन हे कण येत असतील तर घंटा वाजते. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० असलेलं एक जुनं उपकरण फोडलं गेलं आणि एक माणूस दगावला. ते उपकरण दिल्लीतलंच होतं, बंदरावरून आलं नव्हतं, त्यामुळे बंदरावरचे खांब तिथे कामाचेच नव्हते. पण कोणी कोबाल्ट जाड शिशात लपवून आणू पाहिला तर खांब गप्प राहील आणि लिनॅकच्या चित्रात ते शिसं काळं ठिक्कर दिसेल. म्हणून मोठ्या बंदरांवर दोन्ही लागतात.

गॅमा स्कॅनर आणि लिनॅक यांत बरं कोणतं?

गॅमा स्कॅनरमध्ये किरण कोबाल्ट-६० या किरणोत्सारी पदार्थातून येतात, १.१७ आणि १.३३ एमईव्हीचे. यंत्र साधं, वीज कमी, देखभाल सोपी. पण भेदनशक्ती कमी, ५.२७ वर्षांत स्रोत निम्मा होतो आणि तो कधीच ‘बंद’ होत नाही, फक्त झाकता येतो. शिवाय जिच्या चोरीची भीती बाळगावी अशी वस्तू आपणच बंदरावर ठेवतो. लिनॅकची वीज तोडली की संपलं. माझं मत विचाराल तर नवीन ठिकाणी लिनॅकच.

संत्र्याचा कंटेनर स्कॅन झाला तर फळं किरणोत्सारी होतात का? बियाणं उगवेल ना?

हा प्रश्न काटोल-वरूडच्या बागायतदारांकडून हमखास येतो आणि तो रास्त आहे.

क्ष-किरण पडले म्हणून वस्तू किरणोत्सारी होत नाही. त्यासाठी अणूच्या गाभ्यातून न्यूट्रॉन उडवावा लागतो आणि फळात जे कार्बन, ऑक्सिजन, नायट्रोजन असतात त्यांच्यासाठी १० एमईव्हीहून जास्त ऊर्जा लागते. पाण्यात अत्यल्प असलेल्या जड हायड्रोजनला २.२ एमईव्ही पुरते हे खरं, पण त्याचा परिणाम मोजण्याइतकाही नसतो. म्हणूनच तपासणी यंत्रांची मर्यादा १० एमईव्हीच्या आत ठेवतात. युरोपीय संघाच्या नियमांत तपासणीच्या क्ष-किरणांसाठी १० एमईव्ही आणि ०.५ ग्रे ही सीमा आहे (ग्रे हे वस्तूत शोषल्या गेलेल्या किरणांच्या मात्रेचं एकक). त्याखालचं अन्न ‘विकिरण केलेलं’ धरलं जात नाही.

तुलनेला आपलाच आंबा घ्या. २००७ पासून अमेरिकेला जाणाऱ्या आंब्याला किडींसाठी मुद्दाम ४०० ग्रे इतकं विकिरण देतात आणि तो खाल्ला जातो. स्कॅनिंगमध्ये मालाला मिळणारी मात्रा त्याच्या तुलनेत लाखो पटींनी कमी. संत्री तशीच राहतात, बियाणं उगवतं, औषधं बिघडत नाहीत.

ड्रायव्हर केबिनमध्ये असतानाच ट्रक स्कॅन करतात असं ऐकलं. हे बरोबर आहे का?

दोन पद्धती आहेत. एकीत ड्रायव्हर उतरतो, गाडी सोडून ठरलेल्या रेषेबाहेर उभा राहतो. दुसरीत तो गाडी चालवत कमानीतून जातो, संवेदकांना केबिन पुढे गेल्याचं कळतं आणि मगच झोत सुरू होतो. कोणी मालात लपून बसला असेल तर त्यालाही मिळणारी मात्रा मायक्रोसिव्हर्टच्या हिशेबातली असते (सिव्हर्ट हे माणसाला मिळालेल्या मात्रेचं एकक). निसर्गातूनच माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात, म्हणजे २४०० मायक्रोसिव्हर्ट.

तरी नियम पाळायचेच. भारतात अशा यंत्रांना अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. भिंती, दारं उघडताच झोत तोडणारे स्विच, लाल दिवे, प्रशिक्षित विकिरण सुरक्षा अधिकारी हे सगळं त्यात आलं. घाई आहे म्हणून रेषेच्या आत उभा राहणाऱ्या क्लीनरला हाकलणं हे तिथल्या माणसाचं काम आहे आणि त्याने ते वाईटपणा घेऊन करावं.

नागपूर तर स्फोटकांच्या परवान्यांचं शहर. या यंत्राने स्फोटकं ओळखता येतात का?

पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संस्थेचं, म्हणजे ‘पेसो’चं मुख्यालय नागपुरात आहे आणि आजूबाजूला औद्योगिक स्फोटकांचे कारखानेही आहेत, त्यामुळे हा प्रश्न इथे साहजिक आहे.

क्ष-किरण घनता सांगतात, रसायन सांगत नाहीत. बहुतेक लष्करी आणि औद्योगिक स्फोटकांत नायट्रोजन भरपूर असतो आणि तो शोधायला न्यूट्रॉन लागतात. त्यासाठी हातभर लांबीचा एक वेगळा कणत्वरक असतो. ड्युटेरियमचे (जड हायड्रोजनचे) आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, शंभरेक किलोव्होल्टने ट्रिटियमवर (त्याहून जड हायड्रोजनवर) आदळवले की १४.१ एमईव्हीचे न्यूट्रॉन सुटतात. मंदावलेला न्यूट्रॉन नायट्रोजनने गिळला की १०.८ एमईव्हीचा गॅमा किरण बाहेर पडतो. इतक्या ऊर्जेचा गॅमा सहसा दुसऱ्या कशातून येत नाही, त्यामुळे तो नायट्रोजनची सही असतो.

१९८८ मध्ये स्कॉटलंडमधल्या लॉकरबीच्या आकाशात बॉम्बने विमान उडवलं गेलं, त्यानंतर लगेच १९८९ मध्ये न्यू यॉर्कच्या विमानतळावर न्यूट्रॉनवर चालणारं बॅग-तपासणी यंत्र बसवलं गेलं. (त्यात न्यूट्रॉनचा स्रोत कणत्वरक नव्हता, किरणोत्सारी कॅलिफोर्नियम होता.) पण लोकर, चामडं, रेशीम यांतही नायट्रोजन असतो. खोटे इशारे इतके यायचे की ती पद्धत विमानतळांवर टिकली नाही. संशयित कंटेनरच्या एखाद्या ठरावीक कोपऱ्याकडे रोखायला मात्र न्यूट्रॉन आजही उपयोगी आहेत.

आता गुन्ह्याचा तपास. नागपूरच्या प्रयोगशाळेत असा कणत्वरक आहे का?

इथल्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेचं रोजचं काम डीएनए, विषं, अमली पदार्थ, रक्त, गोळ्या-काडतुसं यांचं. त्याला कणत्वरक लागत नाही. रोजच्या यंत्रांनी प्रश्न सुटत नाही आणि नमुना नखभर उरलेला असतो, अशा वेळी कणत्वरकाकडे जायचं. असे प्रसंग थोडे येतात.

मग तिथे त्याचा उपयोग कसा होतो?

पहिली पद्धत ‘पिक्सी’. नमुन्यावर २-३ एमईव्हीच्या प्रोटॉनचा बारीक झोत सोडायचा, अणूंतले आतले इलेक्ट्रॉन उडतात आणि प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरलेल्या ऊर्जेचे क्ष-किरण सोडतं. स्वीडनच्या लुंड विद्यापीठात १९७० मध्ये ही पद्धत उभी राहिली. दहा लाख भागांत एखाद-दोन भाग असलेलं मूलद्रव्यही सापडतं आणि नमुना शाबूत राहतो. अपघातानंतर कपड्यात अडकलेली काच, रंगाचा पापुद्रा, चपलेची माती आणि घटनास्थळाची माती एकाच ठिकाणची का, हे तपासायला ती चांगली.

गोळीबारात हातावर उडणाऱ्या कणांत शिसं, बेरियम, अँटिमनी शोधतात. हे काम बहुतेक ठिकाणी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावरच होतं आणि तेच योग्य आहे. पण शिसं नसलेली काडतुसं वाढू लागली तसे ब्रिटनच्या सरे विद्यापीठासारख्या ठिकाणी आयन-झोताच्या पद्धती तपासून पाहिल्या गेल्या. त्याच विद्यापीठात आणखी एक कामाचा प्रश्न हाती घेतला गेला: कागदावर आधी सही झाली की आधी अंगठा उमटला? शाई आणि बोटाचा ठसा यांचे थर कोणता वर, कोणता खाली, हे आयन-झोताने काही वेळा कळतं. वारसाहक्काचे खटले लढणाऱ्या वकिलांनी लक्षात ठेवावं असं आहे.

जुनं मृत्युपत्र किंवा विक्रीखत खरं की बनावट, त्याचं वर्ष काढता येतं का?

सहीचं वर्ष नाही. कागद कधीचा आहे याचा अंदाज काही वेळा येतो आणि त्यासाठी कार्बन-१४ ची गोष्ट समजून घ्यावी लागते.

हवेतल्या साधारण एक लाख कोटी कार्बन अणूंमागे एक कार्बन-१४ असतो. झाड, प्राणी, माणूस जिवंत असेपर्यंत तो घेत राहतात, मेल्यावर तो ५७३० वर्षांत निम्मा होतो. पूर्वी त्याचा ऱ्हास मोजायचे. एक ग्रॅम ताज्या कार्बनमधून मिनिटाला १३-१४ टिचक्या येतात, म्हणून ग्रॅमच्या ग्रॅम नमुना आणि दिवसच्या दिवस लागायचे. १९७७ मध्ये कणत्वरकाने थेट अणूच मोजायची पद्धत निघाली. तिचं मर्म सुंदर आहे: नायट्रोजन-१४ चं वजन कार्बन-१४ इतकंच, त्यामुळे दोघांची गल्लत होते. पण नायट्रोजनचा ऋण आयन टिकतच नाही. म्हणून नमुन्याचे ऋण आयन केले की नायट्रोजन दारातच गळतो. पुढे वेग देऊन ते वायूतून किंवा पातळ पापुद्र्यातून पार केले की तेवढ्याच वजनाचे रेणूही फुटतात, आणि मागे उरतो तो कार्बन-१४. एक मिलिग्रॅम कार्बन पुरतो.

शेकडो वर्षांच्या वस्तूंना हे ठीक, पण गुन्हे तर अलीकडचे. तिथे अणुबॉम्बने मदत केली, असं म्हणावं लागतं. १९५५ ते १९६३ या काळात वातावरणात इतक्या अणुचाचण्या झाल्या की उत्तर गोलार्धाच्या हवेतला कार्बन-१४ जवळजवळ दुप्पट झाला. १९६३ च्या करारानंतर बहुतेक चाचण्या जमिनीखाली गेल्या आणि तेव्हापासून तो दरवर्षी उतरत आला. म्हणजे त्या साठ-सत्तर वर्षांत वाढलेल्या प्रत्येक पानावर, दातावर, केसावर जणू साल छापलं गेलं.

विक्रीखतावर १९४० लिहिलं आहे आणि कागदात बॉम्बचा कार्बन भरपूर आहे, तर ते खत १९४० चं नाही, एवढं ठामपणे म्हणता येईल. उलटं म्हणता येत नाही. जुना कोरा कागद मिळवून त्यावर काल लिहिता येतं. जुन्या स्टँपपेपरचा धंदा माहीत असलेल्यांना हे सांगायला नको.

याच युक्तीने व्हेनिसच्या पेगी गुगेनहाइम संग्रहातलं लेजे या फ्रेंच चित्रकाराच्या नावाचं एक चित्र २०१४ मध्ये पकडलं गेलं. फ्लॉरेन्सच्या कणत्वरकावर कळलं की कॅनव्हासचा कापूस १९५९ नंतरचा आहे. लेजे १९५५ मध्येच वारला होता.

बेवारस सांगाडा सापडला तर वय कळतं का?

दात असतील तर चांगलं कळतं. दाताचं एनॅमल, म्हणजे बाहेरचा कडक थर, लहानपणी एकदा तयार झालं की पुन्हा बदलत नाही आणि कोणता दात कितव्या वर्षी तयार होतो हे ठाऊक असतं. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवलं की एनॅमलमधल्या कार्बन-१४ वरून जन्मसाल सरासरी १.६ वर्षांच्या फरकाने काढता येतं. हाडांवरून काढलेल्या वयाच्या अंदाजापेक्षा हे कितीतरी नेमकं. पोलिसांना त्यामुळे हरवलेल्यांची यादी एकदम आखूड करता येते.

वाघाचं कातडं ‘आजोबांच्या शिकारीचं’ आहे असं म्हणतात. तपासता येईल?

विदर्भात हा प्रश्न पुस्तकी नाही. मालगुजारांच्या जुन्या वाड्यांत अशी कातडी खरोखर होती आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नंतर ताज्या शिकारीला ‘आजोबांची’ म्हणून खपवणं ही पळवाट झाली. केस किंवा कातड्याच्या मिलिग्रॅमभर नमुन्यातून वाघ साठ-सत्तरच्या दशकातला की ऐंशी-नव्वदच्या, हे कळू शकतं. हस्तिदंतावर हे काम जगभर झालं आहे. जप्त केलेल्या मालाच्या २०१६ मधल्या एका मोठ्या अभ्यासात बहुतेक हत्ती जप्तीच्या आधी तीन वर्षांच्या आतच मेलेले निघाले. ‘जुना साठा’ ही सबब तिथेच कोसळली.

एक अडचण आता उभी राहते आहे. कोळसा आणि तेल जाळून हवेत इतका जुना, कार्बन-१४ नसलेला कार्बन गेला आहे की अलीकडच्या काही वर्षांत हे प्रमाण जवळपास १९५५ च्या आधीच्या पातळीवर आलं आहे. म्हणजे १९५० चा वाघ आणि परवाचा वाघ केवळ या मोजणीत सारखे दिसू शकतात. यापुढे कातडं कसं कमावलं, डीएनए काय म्हणतो, हे जोडीला पाहावंच लागेल. कोळशावर वीज करणाऱ्या आपल्या विदर्भाचाही त्यात वाटा आहे.

सिंक्रोट्रॉनने विषप्रयोग पकडता येतो का?

सिंक्रोट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉन वर्तुळात फिरवून फार प्रखर क्ष-किरण देणारा कणत्वरक. जपानच्या वाकायामात १९९८ मध्ये जत्रेतल्या आमटीत आर्सेनिक मिसळलं गेलं. ६७ जणांना बाधा झाली, चौघे मेले. स्प्रिंग-८ सिंक्रोट्रॉनवर आर्सेनिकमधल्या कथील, अँटिमनी, बिस्मथ या सूक्ष्म अशुद्धी मोजल्या आणि जत्रेतलं व संशयिताकडचं आर्सेनिक एकाच मूळ मालाचं असल्याचं मत दिलं गेलं. फाशीची शिक्षा झाली. पुढे दुसऱ्या रसायनतज्ज्ञांनी त्या अर्थ लावण्यावर आक्षेप घेतले. मोजमाप चुकलं असं त्यांचं म्हणणं नव्हतं, ‘एकच मूळ’ म्हणजे ‘एकच डबा’ नव्हे, असा वाद होता. आर्सेनिकचं एकेक पिंप शेकडो घरांत वाटलं जाऊ शकतं.

कोर्टात असा अहवाल टिकतो का?

तज्ज्ञाचं मत म्हणून येतो. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मध्ये त्याचं कलम ३९. सरकारी वैज्ञानिक तज्ज्ञांचे अहवाल भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ खाली थेट दाखल होतात, पण संशोधन संस्थेतला भौतिकशास्त्रज्ञ बहुधा त्या यादीत नसतो. त्याला साक्षीला यावं लागेल आणि उलटतपासणीत ‘प्रोटॉन म्हणजे काय’ पासून सुरुवात करावी लागेल. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत आता घटनास्थळी न्यायसहायक तज्ज्ञ जाणं संहितेने अपेक्षिलं आहे, त्यामुळे असे नमुने वाढतील.

अहवाल पडतो तो यंत्रामुळे क्वचितच. पडतो पंचनाम्यामुळे. बीथोव्हेन या जर्मन संगीतकाराच्या म्हणून जपलेल्या एका केसांच्या बटेत अमेरिकेतल्या अर्गोन प्रयोगशाळेच्या सिंक्रोट्रॉनने भरपूर शिसं दाखवलं, २००० साली जगभर बातमी झाली. २०२३ मध्ये डीएनए पाहिला तर ती बट एका बाईची निघाली. शिशाचा आकडा अचूक होता, केस दुसऱ्याचे होते. (२०२४ मध्ये त्याच्या खऱ्या बटांतही शिसं जास्तच सापडलं, हा योगायोग.) आपल्याकडे हीच बट सील न लावता दोन दिवस पोलीस ठाण्याच्या कपाटात पडून राहिली असती, तर बचावाच्या वकिलाला डीएनएचीही गरज पडली नसती.

तपासणीत नमुना नष्ट होतो का?

कार्बन-१४ साठी जेवढा घ्याल तेवढा जळतो. पिक्सीत राहतो, पण जास्त वेळ झोत दिला तर कागद पिवळसर पडू शकतो. म्हणून क्रम: फोटो, साधी सूक्ष्मदर्शक तपासणी, पिक्सी, सगळ्यांत शेवटी कार्बन. आणि थोडा नमुना दुसऱ्या पक्षासाठी राखून ठेवायचाच.

नागपूरहून नमुना पाठवायचा तर कुठे?

कार्बन-१४ साठी दिल्लीचं आंतरविद्यापीठ त्वरक केंद्र आणि अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा. आयन-झोतासाठी हैदराबादचं पदार्थांच्या रासायनिक विश्लेषणाचं राष्ट्रीय केंद्र आणि भुवनेश्वरची भौतिकी संस्था, दोन्हीकडे ३ मेगाव्होल्टची यंत्रं आहेत. सिंक्रोट्रॉनसाठी सगळ्यांत जवळ इंदूर: राजा रामण्णा केंद्रातलं इंडस-२, २.५ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टचं.

या संशोधन संस्था आहेत, पॅथॉलॉजी लॅब नव्हेत. घरच्या वादातलं मृत्युपत्र पाकिटात घालून पाठवलं तर ते परत येईल. वकिलामार्फत कोर्टाकडे अर्ज करा, कोर्टाने आदेश दिला तर मूळ कागद कोर्टाच्या सीलखाली जाईल. पोलीस तपासातला नमुना तपास अधिकाऱ्याने आधी प्रादेशिक प्रयोगशाळेकडे द्यायचा, पुढे कुठे न्यायचा ते तिथले तज्ज्ञ सुचवतील. विद्यार्थ्यांचा रस्ता निराळा आहे: आपल्या प्राध्यापकांबरोबर प्रस्ताव लिहून झोताचा वेळ मागायचा. प्रस्तावात नमुने किती, कोणतं मूलद्रव्य शोधायचं आहे आणि साध्या यंत्रावर ते का जमलं नाही, हे स्पष्ट लिहा. तिसऱ्या मुद्द्याचं उत्तर नसेल तर आधी साध्या यंत्रावर करून या.